नायजरमध्ये विहिरी की झाडे? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. दुबई आणि मस्कत येथे नोकरी करणाऱ्या तीसेक मराठी अभियंत्यांचा आपला गट पुढील ५ वर्षे दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढणार असून ती पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशात, मराडी शहराच्या उत्तरेकडील गावांत खर्च करण्याचा आपला विचार आहे. त्या रकमेतून १० विंधन विहिरी घ्याव्यात की ५० हजार रोपे लावावीत, हा पहिला प्रश्न. स्वातंत्र्यानंतर ६० वर्षांहून अधिक काळ परदेशी मदत घेऊनही जो देश गरिबीत जगाच्या तळाशीच राहिला, तेथे आणखी मदत ओतून आपण लोकांना परावलंबी तर करणार नाही ना, हा दुसरा. मी मृद व जलसंधारणाच्या कामातला माणूस आहे. नगर जिल्ह्यात काही वर्षे पाणलोटाची कामे केल्यावर मी मराडी आणि ताहुआ या दोन प्रांतांत एका धर्मादाय संस्थेबरोबर ११ वर्षे होतो, आणि पुढे जे लिहितो आहे त्यातला बराचसा भाग तेथे केलेल्या चुकांमधून शिकलेला आहे.

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, पहिली दोन वर्षे विहीरही नको आणि रोपही नको. एकूण रक्कम तेवढीच ठेवून मुदत १० वर्षांची करावी, गावांची संख्या निम्म्याहून कमी करावी आणि प्रत्येक कामाबद्दल एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी, ती म्हणजे आपण निघून गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी हे काम कोण सांभाळणार, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या अधिकाराने. या प्रश्नाचे उत्तर गावातल्या माणसांच्या तोंडून मिळत नसेल, तर ते काम कितीही स्वस्त आणि कितीही देखणे असले तरी हाती घेऊ नये.

वाळवंटी देश म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात, आणि तेथूनच नियोजन चुकायला सुरुवात होते. नायजरचे क्षेत्रफळ सुमारे १२ लाख ६७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपट आहे आणि त्याचा बहुतांश भाग सहारात मोडतो, हे खरे. परंतु माणसे राहतात ती मुख्यतः दक्षिणेच्या पट्ट्यात, नायजेरियाच्या सीमेच्या बाजूला. तेथे पाऊस जून ते सप्टेंबर या आपल्याच महिन्यांत पडतो आणि मराडीच्या आसपास बऱ्या वर्षी तो ४०० ते ५०० मिलिमीटर भरतो. माण-खटावच्या माणसाला हा आकडा अनोळखी वाटणार नाही. पीकही आपल्या ओळखीचे, म्हणजे बाजरीचे, फक्त ताटे डोक्यावरून जाणारी आणि कणीस हातभर लांब. फरक आहे तो जमिनीत. ओल धरून ठेवणारी काळी माती तेथे नाही, पिवळट वाळू आहे, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारे वारे नुकते उगवलेले कोंब त्याच वाळूखाली गाडून टाकतात, त्यामुळे दुबार पेरणी ही तेथे आपत्ती मानली जात नाही. तिबार पेरणी झाली की मग लोक काळजी करू लागतात. दुसरी अडचण माणसांच्या संख्येची आहे. १९६० मध्ये फ्रेंचांकडून स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ३५ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या आता अडीच कोटींच्या पुढे गेली आहे, आणि २०१२ च्या राष्ट्रीय पाहणीत एका स्त्रीला सरासरी ७.६ मुले होत असल्याचे दिसले होते. पूर्वी शेत काही वर्षे पडीक टाकून जमिनीला विश्रांती देण्याची रीत होती. आता तेवढी जमीन कोणाकडेच उरलेली नाही. साठ वर्षांची मदत कोठे गेली, असे आपण विचारता तेव्हा हा भाजक लक्षात घ्यावा लागतो.

आता विहिरींबद्दल. पाणी नाही म्हणून विहीर द्यावी, इतके हे सरळ असते तर हा प्रश्न कधीच सुटला असता. आफ्रिकेतील ग्रामीण हातपंपांची मोजणी २००९ मध्ये एकत्र केली गेली तेव्हा सुमारे एक तृतीयांश पंप कोणत्याही एका वेळी बंद असतात, असे निघाले, आणि माझ्या पाहण्यातल्या गावांत हे प्रमाण याहून बरे नव्हते. बंद पडण्याचे कारण बहुधा क्षुल्लक असते. माझ्या दुसऱ्या वर्षी एका गावातला पंप चामड्याच्या एका वॉशरसाठी सात महिने बंद होता. वॉशर ८० किलोमीटरवरच्या गावी मिळत होता, पण तो आणायला जाण्याचे भाडे कोणी द्यायचे यावर दोन वाड्यांचे एकमत होत नव्हते, आणि पंप ज्या संस्थेने बसवला तिचा प्रकल्प संपून तिची गाडीही निघून गेली होती. फलकावर देणगीदाराचे नाव मात्र स्वच्छ वाचता येत होते. पाण्याची वर्गणी कोण गोळा करतो, ती कोणाकडे असते आणि दुरुस्ती करणारा माणूस किती अंतरावर राहतो, या तीन गोष्टी खोदकामाच्या खोलीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

याहून गंभीर अशा दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट गुराख्यांच्या प्रदेशातली. १९५० च्या दशकापासून उत्तरेकडील चराऊ भागात खोल बोअर घेतले गेले आणि त्यांचे पाणी सर्वांना खुले ठेवण्यात आले. तोवर तेथल्या विहिरींवर त्या त्या टोळीचा हक्क असे, आणि पाणी कोणाला किती दिवस द्यायचे हे तीच ठरवत असल्यामुळे चराईवरही आपोआप मर्यादा राहत असे. खुल्या बोअरभोवती कळपांची गर्दी झाली आणि १९७२-७३ च्या दुष्काळात, म्हणजे आपल्याकडे रोजगार हमीची कामे निघत होती त्याच काळात, त्या बोअरभोवती पाणी असूनही गुरे चाऱ्यावाचून मेली. दुसरी गोष्ट मराडीला लागूनच असलेल्या टिबिरी या गावची. तेथे १९८० च्या दशकापासून नळाने पुरवले गेलेले बोअरचे पाणी दिसायला स्वच्छ होते, पण त्यात फ्लोराइडचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या कितीतरी वर होते, आणि हे उघडकीस येईपर्यंत शेकडो मुलांचे पाय वाकडे झाले होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातील फ्लोराइडग्रस्त गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या दुखण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. म्हणून आपल्यापैकी कोणी कधी बोअर घेणारच असेल, तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय पंप बसवू नये, आणि अहवाल वाईट आला तर खोदलेले भोक बुजवण्याइतके पैसे आणि तेवढी हिंमत आधीच बाजूला ठेवावी.

झाडांच्या बाबतीत तर मराडीइतके शिकवणारे ठिकाण जगात क्वचितच असेल. टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८१ मध्ये एका ख्रिस्ती धर्मादाय संस्थेतर्फे तेथे आले. त्यांनी सुरुवातीला आपल्यासारखाच रोपे लावण्याचा मार्ग धरला आणि लावलेली बहुतेक रोपे मेलेली पाहिली. १९८३ मध्ये रोपे घेऊन जात असताना वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करायला ते थांबले आणि शेजारच्या खुरट्या झुडपाचे पान त्यांनी जवळून पाहिले. ते झुडूप नव्हतेच. तोडलेल्या मोठ्या झाडाच्या जिवंत बुंध्याला फुटलेला तो फुटवा होता, आणि असे लाखो बुंधे शेताशेतांत मातीखाली होते. शेतकरी दरवर्षी पेरणीपूर्वी ते साफ करत आणि जाळत. रोप लावण्याऐवजी बुंध्याचे तीन-चार जोमदार कोंब राखायचे, बाकीचे छाटायचे आणि ते मोठे होईपर्यंत गुरांपासून सांभाळायचे, एवढीच ही पद्धत आहे. हौसा भाषेत तिला ‘सस्साबिन झमानी’, म्हणजे नव्या काळाची शेतसफाई, म्हणतात. मला ती पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा हाती आलेले पान आपट्याचे वाटले. त्या झाडाला तेथे ‘काल्गो’ म्हणतात आणि ते खरोखरच आपल्या आपट्याचे सख्खे भावंड आहे.

ही गोष्ट देणगीदारांच्या सभांमध्ये फार आवडीने सांगितली जाते, पण तिचा जो भाग आपल्या उपयोगाचा आहे तो बहुधा गाळला जातो. १९८४ च्या दुष्काळात कामाच्या बदल्यात धान्य देण्याची योजना निघाली तेव्हा शेतात झाडे राखणे ही धान्य मिळण्याची अट होती, आणि ते धान्य थांबताच बऱ्याच शेतकऱ्यांनी राखलेली झाडे पुन्हा तोडली. सर्वांनी मात्र तोडली नाहीत. ज्यांनी ठेवली त्यांच्या शेतात वारा अडला, दुबार पेरणी कमी झाली, बायकांचे सरपणासाठीचे पायी अंतर घटले, आणि हे शेजाऱ्यांना दिसत राहिले. पुढची वाढ एका गावातून दुसऱ्या गावात, बहुतांशी कोणत्याही संस्थेशिवाय, पंधरा-वीस वर्षे होत गेली आणि मराडी व झिंदेर या प्रांतांतील सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परत आल्याचे संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून आणि हवाई छायाचित्रांवरून दाखवले. रिनॉडो स्वतः तेथे १८ वर्षे राहिले. म्हणजे पाच वर्षांच्या प्रकल्पाच्या शेवटी त्यांच्या कामाचे मूल्यमापन झाले असते, तर त्याला अपयशी हाच शेरा मिळाला असता.

झाडे टिकण्यामागे आणखी एक कारण होते, आणि ते कागदावरचे आहे. फ्रेंच अमदानीतील १९३५ च्या वनविषयक हुकुमापासून शेतातली कित्येक जातींची झाडे परवान्याशिवाय तोडता येत नसत. वनरक्षक येई, दंड करी, आणि जे झाड आपले नाही ते मोठे होऊच द्यायचे नाही, असा साधा हिशेब शेतकऱ्याने केला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून या अंमलबजावणीत ढिलाई आली, शेतातले झाड आपलेच आहे असे लोकांना वाटू लागले, आणि त्यानंतर १९९३ ची ग्रामसंहिता, २००४ चा वनकायदा आणि २०२० मध्ये या पद्धतीसाठी काढलेला स्वतंत्र हुकूम यांनी त्या समजुतीला थोडाथोडा आधार दिला. ‘गाओ’ नावाचा बाभळीच्या कुळातला तेथला वृक्ष पावसाळ्यात पाने झाडतो आणि उन्हाळ्यात हिरवा असतो, त्यामुळे त्याच्या खाली बाजरीला ऊन मिळते, खत मिळते आणि नंतर गुरांना शेंगा मिळतात. झाड इतके सोयीचे असूनही ते वाचायला कायद्याची हवा बदलावी लागली. राळेगण आणि हिवरे बाजारच्या कुऱ्हाडबंदी-चराईबंदीमागे ग्रामसभेचा निर्णय होता, हे आपल्याला माहीत आहे. तेथेही गावाने स्वतः केलेला नियम, चोरून तोडणाऱ्याला दंड करण्याचा गावप्रमुखाचा अधिकार आणि ‘मै गरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रमुखाची तयारी, हे सारे रोपांच्या आधी यावे लागते. आपल्या ५० हजार रोपांना पाणी घालायला तेथे एप्रिलमध्ये कोणीही नसेल, आणि तशी अपेक्षा करणेही बरोबर नाही, कारण त्या महिन्यात बाई घरच्या माणसांसाठीच्या पाण्याच्या दोन खेपा करून आलेली असते.

जमीन सुधारण्याच्या कामात आपल्याला अभियंते म्हणून रस वाटेल असे बरेच आहे. खपली धरलेल्या, पाणी न मुरणाऱ्या माळावर फूटभर रुंदीचे खड्डे घेऊन त्यांत शेणखत घालायचे आणि पहिल्या पावसावर तेथेच बाजरी टोकायची, या पद्धतीला ताहुआ प्रांतात ‘तास्सा’ म्हणतात. ती जुनीच होती पण मागे पडली होती. १९८९ मध्ये इल्लेला भागातील १३ शेतकऱ्यांना शेजारच्या बुर्किना फासोमधील यातेंगा येथे अशीच पद्धत दाखवायला नेले, त्यांनी परतल्यावर आपापल्या शेतात ती करून पाहिली, आणि काही वर्षांत लोक पडीक माळ विकत घेऊ लागले. एका सहलीच्या खर्चाने एवढे काम झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. जास्त उताराच्या, गुरांच्या चराऊ जमिनीवर अर्धचंद्राकृती बांध घेतात. चार मीटर व्यासाचे असे बांध हेक्टरी ३१३ बसतात, आणि त्यांची आखणी समतलरेषेवर, खालच्या ओळीचा बांध वरच्या दोन बांधांच्या फटीसमोर येईल अशी करावी लागते. सलग समतल चराची सवय असलेल्या माणसाला हे अर्ध्या दिवसात जमते.

मलाही जमले, आणि तेथेच माझी सर्वांत मोठी चूक झाली. ताहुआ प्रांतातील एका गावाने दाखवलेल्या माळावर आम्ही एका उन्हाळ्यात सुमारे ४० हेक्टर अर्धचंद्र घेतले. मजुरी वेळेवर दिली, आखणी चोख होती आणि पहिल्याच पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागले. सुगीनंतर फुलानी गुराखी उत्तरेकडून आपली गुरे घेऊन खाली उतरले तेव्हा कळले की त्या माळाच्या मधून त्यांची ‘बुर्ताली’, म्हणजे कळपांच्या जाण्यायेण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट जात होती. शेतकऱ्यांनी ती जागा आम्हाला का दाखवली हेही तेव्हाच उमगले. परदेशी पैशाने केलेले बांध हा त्या वाटेवर आपला हक्क पक्का करण्याचा सोयीचा मार्ग होता. लाठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली, आणि जमीन आयोगापुढे दीड वर्ष बैठका होऊन अखेरीस आम्ही ६० मीटर रुंदीची पट्टी स्वतःच्या खर्चाने पुन्हा सपाट केली. नगरमध्ये काम करताना धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवण्याचे करार मी पाहिले होते, आणि फुलानी व हौसा शेतकरी यांच्यातही शेणखताचे तसेच जुने करार होते. तरीही नकाशावर रिकामी दिसणारी जमीन कोणाची तरी असते, हे मला सुचले नाही. पहिल्या दोन वर्षांत बांधकाम नको, असे मी वर म्हटले, त्याचे हे कारण आहे. ती दोन वर्षे वाटा, पाणवठे, पडीक जमिनी आणि भांडणे यांची नोंद करण्यात घालवावीत, आणि गुराखी गावाजवळ असतात त्या महिन्यांतही आपला माणूस तेथे असावा.

भुकेबद्दल लिहिताना मला नेहमी अवघड जाते, कारण झाडांची कहाणी जेथे यशस्वी झाली त्याच मराडीत २००५ मध्ये हजारो मुले कुपोषणाने उपचारकेंद्रांत आली. २००४ मध्ये टोळधाड आली होती आणि पाऊस लवकर संपला होता, पण धान्य बाजारात नव्हते असे नाही. ते विकत घेण्याची ऐपत नव्हती. जून ते सप्टेंबर हे जुने धान्य संपल्याचे आणि नवे हाती न आल्याचे दिवस असतात, कर्ज फेडण्यासाठी सुगीच्या वेळी स्वस्तात विकलेली बाजरी याच दिवसांत शेतकरी दुप्पट भावाने परत विकत घेतो, आणि घरातल्या बायका याच दिवसांत शेतावर सर्वांत जास्त राबतात. त्या वर्षी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने ६० हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, आणि त्यातील बहुसंख्य मुले रुग्णालयात न ठेवता घरीच बरी झाली. शेंगदाणा, दूधभुकटी, तेल आणि साखर यांच्या ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी मिळतात आणि तिला ना पाणी लागते ना चूल. आपल्या शेंगदाण्याच्या लाडवाची ही नातलग आता राजधानी नियामे येथेही बनते. बाळाला हवे असलेले अन्न आणि दोन बाळंतपणांतले अंतर या गोष्टी केवळ शेत हिरवे झाल्याने मिळत नाहीत, हे मान्य करून जो पुढे जात नाही त्याने मराडीत काम करू नये. शेवग्याचा उकडलेला पाला शेंगदाण्याच्या पेंडीत कालवून तेथे आवडीने खातात. घराजवळ शेवग्याची चार झाडे आणि त्यांना सांडपाणी, हे काम मला पुष्कळ मोठ्या प्रकल्पांपेक्षा भरवशाचे वाटते.

स्वस्तात विकून महाग घेण्याच्या या चक्रावर दोन उपाय चांगले टिकले आहेत, आणि दोन्ही आपल्याला ओळखीचे वाटतील. एक म्हणजे सुगीचे धान्य कोठारात ठेवून त्यावर कर्ज घेण्याची पद्धत, जिला तेथे फ्रेंच शब्दावरून ‘वारांताज’ म्हणतात. आपल्या बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना हीच आहे. दुसरा उपाय बायकांच्या गटांचा आहे. ‘केअर’ या संस्थेने १९९१ मध्ये मराडीतच ‘माता मासु दुबारा’ या नावाने त्यांची सुरुवात केली. बाहेरून एकही फ्रँक न टाकता बायकांनी आठवड्याला थोडे पैसे एका पेटीत टाकायचे, आपसात व्याजाने द्यायचे आणि ठरल्या मुदतीनंतर वाटून घ्यायचे, अशी ही भिशी आणि बचत गट यांच्या मधली रीत आहे, आणि पुढे ती आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेली. पेटीत बाहेरचे भांडवल घालण्याचा मोह आपल्याला होईल, तो आवरावा. फुकट आलेला पैसा परत करायचा नसतो, असे बायका फार लवकर ओळखतात, आणि मग त्या एकमेकींचाही परत करेनाशा होतात.

येथून आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे यायला हरकत नाही. परावलंबी होणे म्हणजे आळशी होणे, असा अर्थ आपण धरला असेल तर तो सोडून द्यावा. सुगी संपताच तेथले पुरुष नायजेरियातील कानो, लागोस आणि थेट लिबियापर्यंत मजुरीला जातात. ‘चिन रानी’, म्हणजे उन्हाळा खाणे, असे त्याला म्हणतात, आणि बीडहून ऊसतोडीला निघालेल्या गाड्या पाहिलेल्या माणसाला तो शब्द लगेच कळतो. असे लोक मदतीने आळशी होत नाहीत. जे होते ते वेगळे आहे. प्रत्येक प्रशिक्षणाला भत्ता, प्रत्येक बैठकीला भत्ता, आणि प्रत्येक संस्थेचा दर वेगळा, यामुळे गावातील हुशार माणसांचा वेळ सर्वांत जास्त भत्ता देणाऱ्याकडे जातो आणि गावाच्या स्वतःच्या बैठका ओस पडतात. एका बाजारगावात मी एकाच वर्षी धान्यकोठाराच्या चार समित्या पाहिल्या, आणि चारींचे चिटणीस एकच गृहस्थ होते. स्वतःच्या शेतातल्या कामाला मजुरी देऊ नये, सामायिक जमिनीवरच्या कामाला द्यावी, आणि बैठकीला फक्त प्रवासखर्च व जेवण द्यावे, हा नियम आम्ही पाचव्या वर्षी केला. पहिल्याच वर्षी करायला हवा होता.

मदत किती काळ चालू ठेवावी, याबाबत मला एका रोगाचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या जुन्या पिढीला नारू आठवत असेल. नायजरमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला तीस हजारांहून अधिक नारूचे रुग्ण नोंदले जात होते. पाणी कापडातून गाळून पिणे, रुग्णाला पाणवठ्यात उतरू न देणे आणि गावोगावच्या स्वयंसेवकाने महिनोन्‌महिने नोंद ठेवणे, एवढ्यावर २००८ मध्ये तेथला शेवटचा स्थानिक रुग्ण आढळला आणि २०१३ मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. काळ्या माशीमुळे होणाऱ्या नदी-अंधत्वाविरुद्ध १९७० च्या दशकात सुरू झालेले काम तर जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले, आणि असा मान मिळवणारा नायजर हा आफ्रिकेतला पहिला देश ठरला. सरकारे पडली, लष्कर अनेकदा सत्तेवर आले, आणि तरीही या पन्नास वर्षांत औषध वाटणारे आणि माशा मोजणारे लोक बदलत बदलत काम करत राहिले.

सध्याच्या परिस्थितीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. २६ जुलै २०२३ च्या लष्करी उठावानंतर शेजारच्या देशांनी निर्बंध घातले, सीमा बंद झाल्या, बँकांचे व्यवहार अडले आणि ते निर्बंध फेब्रुवारी २०२४ मध्ये उठेपर्यंत कित्येक परदेशी प्रकल्प गुंडाळले गेले होते. माझे जुने सहकारी सांगतात की त्या महिन्यांत बायकांच्या पेट्या चालू होत्या आणि संस्थांच्या गाड्या उभ्या होत्या. २०२५ मध्ये वीजवाहिन्यांच्या कामावरील भारतीय कामगारांचे अपहरण झाले आणि जुलैमध्ये डोसो भागात दोन भारतीयांची हत्या झाली. नियामेत भारताच्या मदतीने उभे राहिलेले महात्मा गांधी यांच्या नावाचे परिषद केंद्र पाहायला मिळावे, ही आपल्या गटातील काहींची इच्छा मी समजू शकतो, पण आज आपल्यापैकी कोणी मराडीच्या उत्तरेला जाऊ नये. त्याने आपला जीव धोक्यात येतोच, शिवाय आपल्याला फिरवणाऱ्या स्थानिक माणसाचाही येतो.

म्हणून पैसे तेथल्याच एखाद्या लहान, नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यावेत, जिचे कार्यकर्ते हौसा बोलणारे आणि त्याच तालुक्यात राहणारे असतील, आणि तिचा कार्यालयखर्च, पगार व मोटारसायकलचे पेट्रोल देण्यास कमीपणा मानू नये; सर्वांना विहिरीवर नाव हवे असते, पगार कोणालाच द्यायचा नसतो, आणि चांगली माणसे त्यामुळेच दर दोन वर्षांनी दुसऱ्या प्रकल्पाकडे निघून जातात. तिला पहिल्याच पत्रात विचारावे की मागील दहा वर्षांत आपली कोणती कामे मोडली आणि का. या प्रश्नावर जी संस्था दोन पाने लिहून पाठवील ती निवडावी. तिसऱ्या वर्षी, जमिनीच्या वाटा आणि हक्क ठरल्यानंतर, तास्सा आणि बुंध्यांची राखण सुरू करावी. त्याला लागणारे खत आणि अवजारे यांचा खर्च आपल्याला आश्चर्य वाटावे इतका कमी असतो. पंपांच्या बाबतीत नवा बोअर घेण्याआधी त्या भागातले बंद पडलेले पंप मोजावेत आणि एका मेकॅनिकला सुटे भाग, मोटारसायकल व पाच वर्षांचा निम्मा पगार द्यावा, उरलेला निम्मा गावांनी द्यावा. कोणती गावे देतात आणि कोणती देत नाहीत, यावरून पुढचे पुष्कळ कळते.

अहवाल मागताना महिन्याकडे लक्ष द्यावे. देणगीदारांना पाठवली जाणारी छायाचित्रे जवळपास नेहमी डिसेंबर-जानेवारीतली असतात, तेव्हा हवा थंड असते, कोठारे भरलेली असतात आणि पुरुष नुकतेच मजुरीला निघालेले असतात. आपण ऑगस्टचा अहवाल मागावा, आणि त्यात कोणत्या घरात किती दिवसांचे धान्य उरले आहे, कोणता पंप चालू आहे, आणि मागच्या वर्षी राखलेल्या बुंध्यांपैकी किती अजून उभे आहेत, हे सलग दहा ऑगस्ट लिहून घ्यावे.